मुलाखतीचा दिवस

वरळी कोळीवाड्यातून निघालं आणि नाका ओलांडला की पुढे बीडीडी चाळी लागतात. 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात मुंबई विकास खातं, म्हणजेच बीडीडी, निघालं आणि त्याने गिरणी कामगारांसाठी या चाळी बांधल्या. एकट्या वरळीत 121. कामगार मात्र येईनात. गिरणी लांब, ये-जा करायला धड सोय नाही, आणि सिमेंटच्या त्या कोंदट खोल्या कुणाला आवडेनात. सरकारला भाडेकरू मिळाले नाहीत, कैदी मात्र भरपूर मिळाले.

मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग ओसंडून गेले तेव्हा वरळीच्या या चाळींतच तात्पुरती छावणी उघडली. 1 जून 1930 ला वडाळ्याच्या मिठागरांवर हजारोंनी धाव घेतली. त्यातले पकडलेले लोक वरळीला आणून कोंडले. दोनच दिवसांनी, 3 जूनला, छावणीत पोलिसांशी झटापट झाली. दोनदा लाठीमार झाला, लष्कर बोलवावं लागलं, आणि नव्वदच्या आसपास माणसं जखमी झाली. त्या वेळी आत चार हजारांवर कच्चे कैदी होते. गिरगावातल्या, दादरमधल्या किती घरांत त्या रात्री आपला मुलगा जखमींत आहे की नाही, हे कळायला मार्ग नसेल! वरळी हाकेच्या अंतरावर असली, तरी कुंपणापलीकडचं काहीच कळत नव्हतं.

त्याच वर्षी कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पडले. पत्रं किती, भेटी किती, हे वर्गावर ठरू लागलं. शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या माणसाच्या वाट्याला वरचा वर्ग यायचा, मजुराच्या वाट्याला क. म्हणजे घरच्यांशी बोलण्याची मुभाही ऐपत बघून मिळायची.

त्याआधीची पिढी तर समुद्रापार गेली होती. टिळकांना 1908 मध्ये मुंबईच्या हायकोर्टात शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. जून 1912 मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, त्याची बातमी तुरुंगात तारेने पोचली. सुटका व्हायला अजून दोन वर्षं होती. सावरकर 1911 मध्ये अंदमानात गेले. तिथे पत्नीची भेट झाली ती थेट 1919 मध्ये.

आज वरळीकराला बोट धरावी लागत नाही. सात रस्त्याचं आर्थर रोड जेल, कागदोपत्री मुंबई मध्यवर्ती कारागृह, टॅक्सीने थोड्या वेळाच्या अंतरावर आहे. 1920 च्या दशकात बांधलेल्या या तुरुंगाची क्षमता बरीच वर्षं आठशेच्या घरात धरली जायची, आणि आत माणसं तीन हजारांवर. त्यामुळे बाहेरची रांगही तेवढीच लांब. भाषा तीच जुनी: भेटीला ‘मुलाखत’ म्हणायचं, खटला चालू असेल तो ‘कच्चा कैदी’. ओळखपत्र दाखवा, नाव नोंदवा, नंबर येईपर्यंत थांबा. भेटीला पैसे पडत नाहीत, पडतो तो दिवस. मासळी विकणाऱ्या बाईची सकाळ रांगेत गेली की म्हावरं पाटीतच राहतं, आणि बर्फ काही तिच्यासाठी थांबत नाही. शिवाय कॅन्टीनसाठी मनीऑर्डर असतेच. साबण, बिस्किटं, फरसाण यांचा खर्च आतला माणूस करतो, पण पैसे बाहेरच्याने पाठवायचे.

म्हणून पुष्कळ घरं मुलाखतीपेक्षा ‘तारखे’ची वाट बघतात. कोर्टाच्या आवारात पोलिसांच्या गराड्यातून जाणाऱ्या माणसाला दोन शब्द बोलता येतात. हजेरी व्हिडिओवर झाली की तेही हुकतं.

मार्च 2020 च्या अखेरीस कोरोनामुळे कोळीवाडा पोलिसांनी सील केला. मुलाखती तर त्याआधीच थांबल्या होत्या. मे महिन्यात आर्थर रोडमध्ये कैदी आणि कर्मचारी मिळून शंभरावर जण बाधित निघाले. या खेपेला दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी कोंडलेली होती. कैद्यांना घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलू देण्याची रीत त्याच काळात बसली.

2023 मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात स्मार्ट कार्डवर चालणारे फोन आले. ठरलेल्या दिवशी, मोजकी मिनिटं. मात्र हा फोन आतूनच लागतो, बाहेरून करता येत नाही. बाजारात गिऱ्हाइकाच्या गर्दीत तो वाजला आणि मासळीने माखलेल्या हातांनी वेळेवर उचलता आला नाही, तर परत लावायला नंबर नसतो.