कुर्ला, चांदिवली व साकीनाका येथील दगडखाणी आणि तेथील अपघात

मुंबईचा राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत १९१४ साली उभी राहिली. पहिल्याचे शिल्पकार सर गिल्बर्ट स्कॉट व दुसरीचे जॉर्ज विटेट ही नावे इतिहासाच्या पुस्तकांत सन्मानाने छापली जातात. पहिल्यास कुर्ल्याचा दगड लागला, दुसरीस कुर्ल्याचा व मालाडचा. परंतु तो दगड काढताना कोणाचा अंगठा गेला, कोणाचा डोळा गेला, ही हकीकत त्या पुस्तकांत येत नाही. उपनगरांतील या खाणींवर ज्यांनी पिढ्यानपिढ्या घण चालविला त्यांत आपला वडार समाज अग्रभागी होता. तेव्हा ही हकीकत आपल्याच वार्षिक अंकात यावी, हे युक्त होय.

साकीनाक्याच्या आजच्या तरुणांस हा सर्व प्रदेश डोंगराचा होता हे सांगूनही पटत नाही. ८ जून २०१४ पासून येथे मेट्रोचे स्थानक झाले आहे. चांदिवलीच्या जुन्या खाणींच्या जमिनीवर राष्ट्रीय उद्यानातून उठविलेल्या कुटुंबांसाठी संघर्षनगर वसले. एके काळी येथे सुरुंगाचे बार उडत, खडीची यंत्रे घरघरत आणि दुपारी कपड्यांवर, भाकरीवर पांढुरकी धूळ बसे.

येथील काळा दगड म्हणजे लाव्हारसाचा थिजलेला थर. थिजताना त्यास उभ्या चिरा पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर त्याचे उभे खांब आजही स्पष्ट दिसतात. पाथरवटाला या चिरा उपकारक, कारण पाचर कोठे बसवावी हे त्या सांगतात. आणि घातकही त्याच. वरून अखंड दिसणारी कपार पावसाचे पाणी मुरले की चिरेवर सुटते व खाली पहार घेऊन उभ्या असलेल्या मनुष्यावर येते. अशी कपार खालून पोखरली तर दगड आपल्या भारानेच कोसळतो, दारू वाचते, ठेकेदाराचा खर्च वाचतो. मृत्यूही तेथूनच येतो. दुसरा अपघात न उडालेल्या बाराचा. वात मंद जळत राहते, माणसे बार फुकट गेला असे समजून जवळ जातात आणि तो तेव्हा उडतो. काही वेळा ते भोक पुन्हा छिन्नीने उकरण्याचा अविचार होई. तिसरा प्रकार म्हणजे डोळ्यात उडणारी कपची. ही रोजचीच, म्हणून तिला कोणी अपघात म्हणतच नसे.

याविरुद्ध कायदा नव्हता काय? अवश्य होता. खाण अधिनियम १ जुलै १९५२ पासून अमलात आला. इमारतीचा दगड व खडी काढणाऱ्या लहान खाणींस त्याने बरीच सूट दिली. परंतु खोदाई ६ मीटरांहून खोल नसावी, दिवसाला ५० हून अधिक माणसे नसावीत व स्फोटके वापरू नयेत, अशा अटी घातल्या. म्हणजे जेथे सुरुंग उडे ती खाण कायद्याच्या पूर्ण कक्षेत येत होती. १९६१ च्या नियमावलीने पुढे सांगितले की कठीण दगडातही पायऱ्या काढीत उतरावे, पायरीची उंची ६ मीटरांपेक्षा अधिक नसावी, रुंदी उंचीहून कमी नसावी आणि कडा खालून पोखरू नये. नियम उत्तम आहेत. आमच्या मते ते लिहिणाऱ्याने खाण डोळ्यांनी पाहिली असावी.

मग अडले कोठे? अडले हजेरीपुस्तकात. खाणमालक ठेकेदारास काम देई, ठेकेदार मुकादमास, आणि मुकादम कुटुंबास. मोबदला रोजावर नसे, ब्रासवर असे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. नवरा घण मारी, बायको खडी फोडी, मुले घमेली वाहत, आणि हिशोबात एकच नाव, तेही मुकादमाच्या वहीत. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून चालू होता. त्याच्या अनुसूचीत पुढे अंगठा गेल्यास मिळकतीच्या शक्तीचा ३० टक्के व एक डोळा गेल्यास ४० टक्के नाश धरला गेला. अंगठ्यावाचून घण कसा धरावा, हा प्रश्न अनुसूची विचारीत नाही. पण ३० टक्केदेखील मिळण्यास मनुष्य त्या खाणीचा कामगार होता हे सिद्ध व्हावे लागे. आम्ही शिक्षक असताना खाणीवरील मुलांच्या नोंदीत पालकाचा धंदा 'मजुरी' असाच लिहिलेला असे. खाणीचा उल्लेख तेथेही नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट नमूद केली पाहिजे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अनेक भटक्या, कष्टकरी जमातींवर पोलिसांची हजेरी लादली. ते कायदे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाले, खाण अधिनियम अमलात आल्यास तेव्हा दोन महिने झाले होते. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आपली जात आहे. ज्यांची नावे हजेरीच्या वहीत लिहिण्याची सरकारला एवढी निकड होती, त्यांची नावे खाणीच्या हजेरीत घालण्याची निकड मालकास कधीच वाटली नाही.

या स्थितीस मोठा धक्का दिला तो १६ डिसेंबर १९८३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. खटला फरीदाबादकडील दगडखाणींचा, अर्जदार बंधुआ मुक्ती मोर्चा, न्यायमूर्तींत भगवती प्रमुख. दगडखाण हीदेखील कायद्याने खाणच होय, असे न्यायालयाने ठरविले. दारूचा खर्च मजुराच्या माथी मारू नये, खडीयंत्रावर धूळ दाबण्यासाठी पाणी फवारावे, पिण्याचे पाणी व औषधोपचार पुरवावेत, असे आदेश दिले. आपल्या येथील मजुरांची कहाणी तीच होती. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत १९५२ चा अधिनियमही समाविष्ट झाला आहे.

धुळीविषयी थोडे सांगावयाचे आहे. काळ्या दगडात गारेचा अंश अल्प असतो, म्हणून ही धूळ बाधत नाही, असे आपले वडीलधारे म्हणत. ते खरे नव्हे. गारेच्या सूक्ष्म कणांनी फुप्फुस घट्ट होत जाते, त्यास सिलिकोसिस म्हणतात व तो पुष्कळदा क्षय समजून उपचारिला जातो. परंतु गार कमी असलेली धूळही वर्षानुवर्षे पोटात गेली की दम लावतेच.

खाणी थांबल्या तरी उभे कापलेले डोंगर उरतात, आणि त्यांच्या पायथ्याशी गरिबाखेरीज कोण राहणार? जुलै २००० मध्ये घाटकोपरला व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत साकीनाक्याला दरडी कोसळून अनेकांचा बळी गेला.

पुढील अंकासाठी सभासद कुटुंबांस विनंती आहे. आपल्या घरातील जे कोणी खाणीवर मृत्यू पावले वा जायबंदी झाले, त्यांचे नाव, खाणीचे ठिकाण, अंदाजे साल, कपारीने की बाराने, व भरपाई मिळाली अथवा नाही, एवढे कागदावर लिहून मंडळाच्या कार्यालयात द्यावे. खडी फोडणाऱ्या आज्या व मावश्यांची नावे वगळू नयेत. मुकादमाच्या वहीतही ती कधी नव्हती.