रिकीब, पेडल आणि बूट : पाय धरण्याचा व सोडण्याचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरहून सायकलवर कोणत्याही दिशेला निघावे, डांबरी रस्ता सोडला की चाकाखाली दोनच गोष्टी येतात : मुरूम आणि काळी माती. दोन्हींचे मूळ एकच आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसापासून बनलेला बेसॉल्ट ऊन, पाणी आणि हवा यांमुळे अर्धवट विदीर्ण झाला की मुरूम होतो आणि पुरता विदीर्ण झाला की काळी माती. मुरमावर चाक घसरते आणि पावसाळ्यात काळी माती चाकाला सोडत नाही. सातारा परिसरातील डोंगर किंवा म्हैसमाळचे पठार अशा ठिकाणी हौसेने सायकल नेणाऱ्यांना एक प्रश्न नेहमी पडतो : या वाटांसाठी बूट कोणते घ्यावेत? ‘तळ जितका कडक, तितका बूट चांगला’, असे उत्तर सहसा मिळते. ते कितपत खरे आहे, हे तपासायचे तर पाय आणि पायाला आधार देणारी वस्तू यांच्या नात्याचा इतिहास पाहावा लागतो.

प्रथम फरक लक्षात घेऊ. डांबरी रस्त्यावर शर्यतीची सायकल चालवणाऱ्याला चालावे लागतच नाही म्हटले तरी चालेल. मुरमाच्या वाटेवर तसे नसते. चढ तीव्र झाला, मागचे चाक जागच्या जागी फिरू लागले, की खाली उतरून सायकल ढकलावी लागते. सराट्याने ट्यूब पंक्चर झाली तर पुढचे गाव येईपर्यंत पायपीट ठरलेली. म्हणजे या बुटाला दोन कामे आहेत. पेडलवर त्याने घट्ट राहावे आणि जमिनीवर मोकळेपणी चालावे. शिवाय तोल गेला तर पाय क्षणात सुटला पाहिजे.

पाय धरून ठेवावा, पण वेळ येताच सुटावा, ही गरज सायकलपेक्षा फार जुनी आहे. घोडेस्वारापुढे हाच प्रश्न होता. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत भारतात रिकिबीचे एक साधे रूप वापरात होते : दोरीचा लहान फास आणि त्यात पायाचा फक्त अंगठा. सांचीच्या शिल्पांत ही रिकीब दिसते आणि आपल्या भाजे लेण्यांतील शिल्पांतही तिच्या खुणा अभ्यासकांनी नोंदल्या आहेत. अनवाणी पायाला अंगठ्याची रिकीब पुरते. थंड प्रदेशात बूट घालावाच लागतो आणि बुटातला अंगठा फासात जाणार कसा? तेथे अख्खा पाय मावेल अशी कडक रिकीब आली. चीनमध्ये चांगशा येथे इ. स. 302 च्या थडग्यात मिळालेल्या घोडेस्वाराच्या मूर्तीला एकाच बाजूला रिकीब आहे. ती बहुधा घोड्यावर चढण्यापुरती असावी. पुढे दोन्ही बाजूंना रिकिबी आल्या.

अख्खा पाय रिकिबीत गेल्याने बैठक पक्की झाली, पण एक धोकाही आला. पाय पार आत सरकून अडकला आणि स्वार पडला, तर घोडा त्याला फरफटत नेणार. स्वाराच्या बुटाला उंच टाच असते ती याचसाठी. ती रिकिबीला अडते आणि पाय पुढे सरकू देत नाही. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी हे गाव वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. त्याचे युद्धतंत्र चपळ घोडदळावर उभे होते, म्हणजे रिकिबीतल्या पायाचा हा प्रश्न या भूमीला नवा नाही.

सायकलीने तो जसाच्या तसा वारशाने घेतला. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल आली. तिची रचना आजच्या सायकलसारखीच होती. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच पेडलच्या पुढच्या बाजूला पत्र्याचा पिंजरा आणि चामडी पट्टा लावण्याची पद्धत रूढ झाली. याला टो-क्लिप म्हणतात. ही रिकीबच होती आणि तिचा दोषही तोच होता. पट्टा आवळला की पाय घट्ट बसे, पण थांबताना वाकून हाताने पट्टा सैल करावा लागे. 1895 मध्ये अमेरिकेतील चार्ल्स हॅन्सन यांनी बूट थेट पेडलमध्ये अडकवण्याची युक्ती शोधली, परंतु ती रुजली नाही. 1971 मध्ये चिनेली या इटालियन कंपनीने तसे पेडल बाजारात आणले. त्यातही सुटण्यासाठी हाताने खटका सरकवावा लागे.

उपाय मिळाला तो बर्फावरच्या खेळातून. फ्रान्समधील लूक कंपनी स्कीच्या फळ्यांना बूट जोडणारी साधने बनवत असे. स्कीपटू पडताना पायाला पीळ बसतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंग सुटते आणि पाय मोकळा होतो. हेच तत्त्व वापरून लूकने 1984 मध्ये पेडल आणले. टाच बाहेर वळवली की पाय सुटतो, हाताची गरज नाही. 1985 मध्ये बर्नार हिनॉ यांनी हे पेडल वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली आणि शर्यतीच्या जगाने टो-क्लिपचा निरोप घेतला.

मात्र या पेडलला अडकणारी क्लीट, म्हणजे बुटाच्या तळावरची कडी, मोठी आणि बाहेर आलेली होती. ती घालून चालणे म्हणजे तळाला वीट बांधून चालणे. डोंगरावर ती निरुपयोगी होती. कॅलिफोर्नियात टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात 21 ऑक्टोबर 1976 रोजी ‘रीपॅक’ नावाची उताराची शर्यत प्रथम झाली, तेव्हा तरुण मंडळी जाड बूट घालून साध्या पेडलवर उभी राहत. अशा सायकलस्वारांची अडचण 1990 मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने सोडवली. त्यांची क्लीट लहान, धातूची, दोनच स्क्रूंवर बसणारी होती आणि ती तळातल्या खोबणीत लपत असे. भोवतीच्या रबरी गोट्यांवर माणूस चालू शके. डोंगरी सायकलचे बहुतेक बूट आजही याच आराखड्याचे असतात. खडी-मुरमाच्या शर्यतींना पुढे स्वतंत्र स्थान मिळाले (त्यांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 2022 मध्ये इटलीत झाली), तेव्हा तेथेही हाच दोन स्क्रूंचा बूट गेला.

आता कडक तळाकडे वळू. क्लीट लहान झाल्यामुळे पायाचा सगळा जोर थोड्याशा जागेवर एकवटला. पेडलवर 500 न्यूटन बल दिले आणि ते 10 चौरस सेंटिमीटरवर पडले, तर दाब सुमारे 5 लाख पास्कल होतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ पाचपट. तेच बल 60 चौरस सेंटिमीटरवर पसरले तर दाब एक-षष्ठांश होतो. मऊ तळाचा बूट लहान पेडलवर ठेवला की चवड्याला खड्यावर उभे राहिल्यासारखे वाटते आणि बोटे बधिर होतात. कडक तळ जोर पसरवतो. पेडलच हाताच्या पंजाएवढे रुंद असेल, तर हे काम पेडल करते आणि तळ तेवढा कडक असण्याचे कारण उरत नाही.

‘कडक तळामुळे आणि पाय वर ओढता आल्यामुळे शक्ती वाचते’, हा समज मात्र प्रयोगांत तितकासा टिकलेला नाही. पेडलवरील बल नोंदवण्याचे यंत्र आर. पी. स्कॉट यांनी 1889 च्या आपल्या पुस्तकातच वर्णिले होते. 1981 मध्ये हल आणि डेव्हिस यांनी इलेक्ट्रॉनिक संवेदक बसवलेले पेडल वापरून हे मापन अधिक अचूक केले. 1991 मध्ये कॉइल व सहकाऱ्यांनी अव्वल सायकलपटूंची तुलना त्यांच्याहून थोड्या कमी दर्जाच्या सायकलपटूंशी केली. अव्वल सायकलपटू पेडल वर ओढत नव्हते, ते खाली अधिक जोराने दाबत होते. 2016 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी धावण्याचे साधे बूट आणि कडक तळाचे सायकलचे बूट यांची मध्यम, स्थिर श्रमात तुलना केली. शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेत लक्षणीय फरक आढळला नाही. सर्व ताकद लावून काही सेकंद चढ मारताना मात्र अडकवलेल्या पायाचा फायदा दिसतो, असे त्याच विद्यापीठातील पुढच्या प्रयोगांत आढळले. मुरमाच्या वाटेवर धक्क्यांनी पाय पेडलवरून उडत नाही, हाही क्लीटचा खरा लाभ आहे.

या सर्वांवरून निवडीचा मार्ग बराच स्पष्ट होतो. लांब पल्ला, कोरडा मुरूम आणि थोडे चालणे असेल, तर दोन स्क्रूंचा, मध्यम कडक बूट योग्य. त्याचा तळ क्लीटच्या जागी वाकू नये, पण बोटांकडे थोडा वाकावा. टाच आत उचलली जाऊ नये. बोटांपुढे बोटभर जागा असावी. दिवसभराने पाय किंचित सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घालून पाहावेत. क्लीट चवड्याखाली किंवा जराशी मागे बसवावी, कारण वाकडी बसलेली क्लीट गुडघ्याला पीळ देते. सुरुवातीला स्प्रिंग सैल ठेवून, भिंतीला धरून, टाच बाहेर वळवण्याचा सराव करावा. पावसाळ्यात काळ्या मातीतून जायचे असेल, तर खोबणीत चिखल भरतो आणि क्लीट अडकत नाही किंवा नको तेव्हा सुटत नाही. अशा वेळी, तसेच सतत उतरून चालायचे असेल तर, रुंद सपाट पेडल आणि चांगल्या पकडीचा बूट बरा.

पकड कशी तपासावी? हा प्रयोग वर्गात करता येतो. पेडलसारखा खरखरीत पत्रा फळीवर ठोकावा. त्यावर वेगवेगळी पादत्राणे एकेक करून ठेवावीत, आत सारख्याच वजनाचा दगड ठेवावा आणि फळी हळूहळू उचलावी. पादत्राण घसरू लागते त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. 30 अंशाला घसरले तर तो सुमारे 0.58, 45 अंशाला घसरले तर 1. मग तळ ओला करून पुन्हा मोजावे. रबरी तळ, चामडी तळ आणि झिजलेली स्लीपर यांतील फरक विद्यार्थ्यांना आकड्यांत दिसेल.

हा प्रयोग केवळ हौशी सायकलस्वारांसाठी नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात आणि मराठवाड्यातील अनेक मुली मुरमाच्या वाटेनेच शाळेत येतात. त्यांच्या सायकलींची पेडले सपाट असतात. त्यांना महागड्या बुटांची गरज नाही, हे वरील प्रयोग सांगतात. त्यांना हवा आहे तो टाच धरून ठेवणारा, खाचा न झिजलेल्या रबरी तळाचा साधा बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल. ओल्या पेडलवरून घसरणारी स्लीपर आणि अशी सँडल यांतला फरक त्यांनी फळीवर स्वतः मोजला, तर घरी नवे पादत्राण मागताना त्यांच्या हाती एक आकडा असेल.