नॉर्विचची जूलियन व ईश्वराचें मातृत्व : दोन पाठांचा विचार

एकच ग्रंथ लहान व मोठा अशा दोन पाठांनीं हातीं आला म्हणजे मूळ कोणतें व भर कोणती हा प्रश्न उभा राहतो. पोथ्या चाळणारांस तो नित्य परिचयाचा आहे. इंग्लंडांतील नॉर्विच येथील जूलियन नामक ख्रिस्ती तपस्विनीच्या ग्रंथासंबंधानें हाच प्रश्न येतो. ईश्वर जसा पिता तसा माताहि आहे, हें तिचें मत प्रसिद्ध आहे. परंतु येशूस माता म्हणणारें हें प्रकरण तिच्या एका पाठांत आहे व दुसऱ्यांत नाहीं. या भेदाचा अर्थ लावणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

जूलियन स्वतःच सांगते कीं, वयाच्या साडेतिसाव्या वर्षीं, 1373 च्या मे महिन्यांत, ती मरणोन्मुख झाली असतां तिला सोळा साक्षात्कार झाले. तिथि मात्र एका प्रतींत 8 व दुसरींत 13 मे अशी आहे. रोमन आंकड्यांत या दोन संख्यांत पहिल्या अक्षराचाच फरक असल्यानें हा लेखनिकाचा प्रमाद उघड दिसतो. पुढें ती सेंट जूलियन चर्चला लागून असलेल्या कोठडींत आमरण एकांतव्रतानें राहिली. यास स्वतंत्र पुरावा मृत्युपत्रांचा आहे. 1404 च्या एका मृत्युपत्रांत तिला 12 पेन्स व तिच्या सेरा नामक दासीस 8 पेन्स ठेविले आहेत. मार्जरी केंप ही बाई 1413 च्या सुमारास तिचा उपदेश घेण्यास आली होती. हा वृत्तांत मार्जरीच्या ज्या ग्रंथांत आहे त्याची संपूर्ण पोथी 1934 सालीं उजेडांत आली.

आतां पोथ्यांकडे वळूं. संक्षिप्त पाठाची एकच प्रत उपलब्ध आहे. तिच्या मथळ्यांत 1413 हें साल असून ही तपस्विनी अद्याप हयात आहे असें लिहिलें आहे; प्रत मात्र पंधराव्या शतकाच्या मध्याची आहे. लॉर्ड ॲमहर्स्ट यांचा संग्रह 1909 सालीं विक्रीस निघाला, तेव्हां ती ब्रिटिश म्यूझियमकडे गेली. आज ती ब्रिटिश लायब्ररींत 37790 या क्रमांकाखालीं आहे. विस्तृत पाठाचीं 86 प्रकरणें आहेत. त्याचे 1500 च्या सुमाराचे कांहीं उतारे वेस्टमिन्स्टर येथील पोथींत आहेत; पण पॅरिसची व स्लोन संग्रहांतील अशा ज्या संपूर्ण प्रती आहेत, त्या सर्व फार पुढच्या काळांतील होत. हाच पाठ सेरेनस क्रेसी यानें 1670 सालीं प्रथम छापला.

प्रत जुनी म्हणून पाठ जुना, असें मात्र म्हणतां येत नाहीं. संक्षिप्त पाठ हा कोणी मागाहून केलेला सारांश असेल, अशी शंका घेतां येईल. तिचें निरसन आंतील पुराव्यानें होतें. धर्मगुरूबरोबर एक मूल आलें होतें, आणि आपली आई उशाशीं उभी असून मुलगी गेली असें समजून तिनें डोळे मिटविण्यास हात पुढें केला, हे तपशील केवळ संक्षिप्त पाठांतच आहेत. सारांश करणारा तपशील गाळतो. नवे घालीत नाहीं. उलट विस्तृत पाठांत, साक्षात्कारानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळानें व पुन्हा वीस वर्षांस तीन महिने कमी असतां, म्हणजे 1388 नंतर व 1393 च्या सुमारास, आपणांस अधिक उलगडा झाला असें ती लिहिते. तेव्हां विस्तृत पाठ हाच मागाहूनचा ठरतो. संक्षिप्त पाठ 1373 नंतर लगेच लिहिला कीं कांहीं वर्षांनीं, याविषयीं मतभेद आहे; त्यानें या क्रमास बाध येत नाहीं.

या क्रमावरून महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. शेवटीं सर्व कांहीं नीटच होईल, हें आश्वासन दोन्ही पाठांत आहे. परंतु चर्च पाप्यास दोषी ठरवितें आणि साक्षात्कारांत तर ईश्वर कोठेंच रागावलेला दिसत नाहीं, हें कोडें तिला छळीत राहिलें. 1349 पासून महामारीच्या फेऱ्या व 1381 चें बंड पाहिलेल्या त्या शहरांत हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा नव्हता. त्याचें उत्तर विस्तृत पाठाच्या 51 व्या प्रकरणांतील धनी व सेवक यांच्या दृष्टांतांत, आणि 58 ते 63 या प्रकरणांतील मातृत्वविचारांत आहे. आई मुलास आपलें दूध पाजते, येशू स्वतःलाच अन्न म्हणून देतो. आई मुलाच्या हितासाठीं त्यास कधीं पडूं देते, पण नाश होऊं देत नाहीं; भ्यालेलें, मळलेलें मूल पळतें तें आईकडेच. म्हणून पापी मनुष्यानें ईश्वरापासून दूर न पळतां त्याच्याकडे धांवावें, असा तिचा निष्कर्ष आहे.

ही उपमा सर्वस्वी नवी नव्हे. यशयाच्या ग्रंथांत ती आहे, व 1109 सालीं वारलेल्या अँसेल्मच्या प्रार्थनेंतहि येशूस माता म्हटलें आहे. परंतु जूलियननें सृष्टि, अवतार व कृपेचें कार्य या तिन्ही अंगांनीं तिची मांडणी करून तिला सिद्धांताचें रूप दिलें.

तात्पर्य, आश्वासन तिला रुग्णशय्येवर मिळालें. त्यावर विश्वास कां ठेवावा हें समजण्यास वीस वर्षें लागलीं. आणि ज्या पाठांत ईश्वर माता झाला, त्याच पाठांतून डोळे मिटविण्यास आलेला तिच्या स्वतःच्या आईचा हात गळाला आहे. मोठा पाठ हातीं आला म्हणून लहान पाठ अपुरा समजून बाजूस सारला असता, तर हा हात कोणासहि दिसला नसता.