लेडनहॉल स्ट्रीटची कचेरी आणि सातारचा वकील

कचेरीत जाऊन काम करावे की घरी बसून, हा वाद 2020 च्या टाळेबंदीपासून आमच्या वर्तुळात वरचेवर ऐकू येतो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्राच्या कार्मिक विभागाने वर्षातून पंधरा दिवस घरून काम करण्याची मुभा देण्याविषयीचा एक मसुदा मंत्रालयांकडे अभिप्रायार्थ पाठविला होता. फाइल (महाराष्ट्रात तिला 'नस्ती' म्हणतात, दिल्लीत तो शब्द उच्चारला की लोक चमकून पाहतात) संगणकावर आल्यामुळे कचेरी आता संपली, असे म्हणणारे सहकारीही मला भेटतात. मला हा प्रश्न नवा वाटत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा हिंदुस्थानातील कारभार शंभर वर्षे अशाच दूरस्थ पद्धतीने चालला होता.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने जॉन स्टुअर्ट मिलशी माझी ओळख जुनी. पण तो पेशाने आमच्यापैकीच एक, म्हणजे कारकुनीतून वर चढलेला अधिकारी होता, हे अभ्यासक्रमात कोणी ठसवून सांगितले नव्हते. 1823 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत रुजू झाला आणि 1858 पर्यंत तिथेच राहिला. हिंदुस्थानात जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे करणे हे त्याचे काम. पस्तीस वर्षांत तो एकदाही इकडे आला नाही. त्याचे वडील जेम्स मिल यांनी तर हा देश न पाहताच त्याचा इतिहास लिहिला आणि न पाहणे हा गुणच आहे, असे प्रस्तावनेत प्रतिपादन केले. आफ्रिकेला वळसा घालून जहाजे येत तेव्हा पत्राचे उत्तर हाती पडायला दीड-दोन वर्षेही लागत. 1852 साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे मिलने या पद्धतीचे समर्थनच केले. हिंदुस्थानचा सारा कारभार लेखी चालतो, प्रत्येक कृतीची कारणे कागदावर येतात, म्हणून तो तपासता येतो, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य आहे. आमची टिपणी लिहिण्याची पद्धत त्याच परंपरेतली, आणि माहितीच्या अधिकाराला आज जे सापडते ते त्या टिपणीमुळेच.

परंतु त्याच कचेरीच्या दारात एक मराठी माणूस चौदा वर्षे उभा होता. सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनीने 1839 साली पदच्युत करून काशीला धाडले. त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले. तिथे ते इंग्रजी शिकले, पत्रके छापली, भागधारकांच्या सभेत बोलले. कंपनीचे म्हणणे ठरलेले: हिंदुस्थानातील अर्ज मुंबई सरकारमार्फतच यावा. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हस्ते अर्ज! 1847 साली महाराज काशीस वारले. 1848 साली, म्हणजे मिलचा अर्थशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्या वर्षी, गादीवर बसविलेले त्यांचे बंधू शहाजीही गेले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी राज्य खालसा करण्यास विरोध नोंदविला, डलहौसीने तो डावलला आणि 1849 साली लंडनने डलहौसीच्या बाजूने निर्णय दिला. कागद पूर्ण होते, विरुद्ध मतही फाइलवर होते. रंगो बापूजी 1853 साली कर्जबाजारी होऊन परतले. 1857 च्या उठावात त्यांचा मुलगा सीताराम फासावर गेला. ते स्वतः इंग्रजांच्या हाती कधी लागले नाहीत.

म्हणून दूरस्थ कामाविषयी मी विचारतो तो प्रश्न उत्पादकतेचा नसतो. फाइल घरून निकाली निघते, कधी कचेरीपेक्षा लवकर, हे आम्ही टाळेबंदीत पाहिले. अंतर मिटल्याने लाभही झाले. 2014 पासून 'जीवन प्रमाण'मुळे बंगळूरला मुलाकडे राहणाऱ्या निवृत्त माणसाला हयातीच्या दाखल्यासाठी गावच्या बँकेत खेटे घालावे लागत नाहीत; परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र ज्याचे प्रकरण कोणत्याच रकान्यात बसत नाही, त्याचे काय? तक्रार संकेतस्थळावर नोंदवली, तरी ती पुष्कळदा फिरून त्याच शाखेकडे अहवालासाठी जाते, आणि 'निकाली' असा शेरा घेऊन परत येते. अशा माणसाला कोणाच्या तरी समोर बसून, 'साहेब, एवढे ऐका' असे म्हणण्याची जागा लागते. माझ्या सेवेत अशा भेटींतून निर्णय बदललेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि बदलाचे कारण टिपणीत रीतसर लिहिताही आले आहे.

तेव्हा टेबले कमी करायची तर खुशाल करावीत. अभ्यागतांच्या भेटीचा वार आणि वेळ तेवढी दारावर लिहिलेली असावी, आणि त्या वेळी निर्णयाचा अधिकार असलेला कोणीतरी आत बसलेला असावा.