सेल्युलर जेल : एक वास्तू, दोन स्मृती

अंदमान म्हणजे सेल्युलर जेल आणि सेल्युलर जेल म्हणजे १९११ ते १९२१ या काळातील स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी, हे समीकरण मराठी मनात पक्के रुजले आहे. ते चुकीचे नाही. परंतु त्याच भिंतींआड १९४२ ते १९४५ या जपानी अमलात जे घडले, ते आपल्या सार्वजनिक स्मृतीत जवळजवळ आलेच नाही. प्रस्तुत लेखात या विस्मरणाचा विचार केला आहे.

२३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरले. ब्रिटिश सत्ता गेली म्हणून प्रारंभी अनेकांना हायसे वाटले. पुढे ब्रिटिशांचे टेहळणी पथक पाणबुडीतून बेटांवर उतरू लागले आणि जपान्यांच्या संशयाला स्थानिक रहिवासी बळी पडले. हेरगिरीच्या आरोपाखाली अनेकांना या तुरुंगात डांबून त्यांचा अमानुष छळ करण्यात आला. डॉ. दिवाण सिंग हे त्यांपैकी एक. पंजाबी कवी, वैद्यकीय अधिकारी आणि इंडियन इंडिपेंडन्स लीगचे स्थानिक नेते असलेल्या या गृहस्थांचा १४ जानेवारी १९४४ रोजी तुरुंगातच मृत्यू झाला.

याच्या पंधराच दिवस आधी, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकवला होता. ध्वज फडकत असताना दिवाण सिंग कोठडीत होते. नेताजींचा सारा दौरा जपान्यांच्या देखरेखीखाली झाला; बंदिवानांची हाक त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली गेली नाही. बरोबर एका महिन्याने, ३० जानेवारी १९४४ रोजी, हम्फ्रीगंज येथे ४४ नागरिकांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांतील बहुतेक जण त्याच लीगचे सदस्य होते. फेब्रुवारीत आझाद हिंदचे प्रतिनिधी म्हणून लोकनाथन आले खरे, पण पोलीस खाते जपान्यांनी आपल्याच हाती ठेवले.

एकच घटनाक्रम, पण त्यातील ध्वज राष्ट्राचे प्रतीक झाला आणि प्रेते स्थानिक दुःख ठरली. याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. ब्रिटिश जुलूम आणि भारतीय त्याग या कथेत खलनायक व नायक स्पष्ट आहेत. जपान मात्र आझाद हिंदचा मित्र. त्याच्या हातून मेलेल्या भारतीयांना या कथेत जागा देणे अवघड जाते. शिवाय मृतांपैकी कित्येक जण बेटांवरच स्थायिक झालेल्या सामान्य कुटुंबांतले; मुख्य भूमीवर त्यांची आठवण जागवणारे कोण होते? ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तुरुंग राष्ट्रीय स्मारक घोषित झाला, तो क्रांतिकारकांच्या नावे, आणि ते यथोचितच होते. हम्फ्रीगंजला ‘बलिदान वेदी’ उभी आहे आणि दर ३० जानेवारीस तेथे श्रद्धांजलीही वाहिली जाते. पण देशाच्या दृष्टीने १९४८ पासून तो दिवस महात्मा गांधींच्या हौतात्म्याचा आहे.

नामांतरातही हेच दिसते. नेताजींनी या द्वीपसमूहांस ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही नावे दिली होती. ध्वजारोहणाच्या पंचाहत्तराव्या वर्धापनदिनी, ३० डिसेंबर २०१८ रोजी, नील बेट ‘शहीद द्वीप’ आणि हॅवलॉक ‘स्वराज द्वीप’ झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये अन्नटंचाईच्या काळात जपान्यांनी शेकडो लोकांना नावांत भरून नेले आणि समुद्रात उतरण्यास भाग पाडले. त्यांतील बहुतेक बुडाले आणि किनाऱ्याला लागलेले उपासमारीने मेले. तो किनारा हॅवलॉकचाच होता.