तानसेकाठची ऊन पाण्याची कुंडे

भाईंदरच्या केबिन रोडवरील आपली कुटुंबे रविवारची मिस्सा आटोपून सहलीचा बेत करू लागली म्हणजे उत्तन-गोराईबरोबर वज्रेश्वरीचेही नाव कधीतरी निघतेच. खाडी ओलांडावी, विरारपुढे शिरसाड फाट्याशी महामार्ग सोडावा आणि तुंगारेश्वरचे डोंगर उजव्या हातास ठेवीत तानसा नदीच्या खोऱ्यात शिरावे. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही भिवंडी तालुक्यातील गावे तेथे जवळजवळ वसलेली आहेत. कुंडात उतरून अंग शेकून घ्यायचे, डबा खायचा आणि दिवेलागणीस घरी परतायचे, असा आपला शिरस्ता. आपण कोणत्या भूमीवर पाऊल ठेवून आलो, याची मात्र पुष्कळांना जाणीव नसते.

प्रथम पाण्याविषयी. नदीच्या पात्रात व काठी येथे अनेक झरे आहेत. काहींचे पाणी साधारण 50 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊन असते, त्यास गंधकाचा किंचित वास येतो व चव खारट लागते. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे पाणी, अशी लोककथा आहे. खाली ज्वालामुखी धुमसत असावा, असा सुशिक्षितांचा समज असतो. पण तोही एका अर्थी लोककथाच म्हणावा लागेल. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून केव्हाच निवलेला आहे. खरे कारण साधे आहे. पावसाचे पाणी खडकांच्या खोल भेगांतून झिरपत जाते. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. तेथे तापलेले पाणी वाटेतील क्षार आपल्यात विरघळवून घेते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. अशा झऱ्यांची ओळच्या ओळ कोकणात आहे. पालघर जिल्ह्यातील सातिवली, पालीजवळचे उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, तुरळ, राजापूर ही त्यांतील काही ठिकाणे. उन्हेरे, उन्हवरे या नावांतच ‘ऊन’ आहे. आपल्या पूर्वजांनी गावाचे नावच पाण्यावरून ठेवले.

कातडीचे विकार व सांधेदुखी यांवर हे पाणी गुणकारी मानतात. गरम पाण्याने सांध्यांना आराम पडतो, हे खरेच. मात्र हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून कुंडात उतरू नये. लूर्द येथील झऱ्याची गोष्ट येथे आठवते. 1858 साली तूलूझचे रसायनशास्त्रज्ञ फिलोल यांनी त्या पाण्याचे पृथक्करण केले, तेव्हा त्यात औषधी असे काहीच आढळले नाही. तानसेकाठच्या पाण्यात क्षार भरपूर आहेत, लूर्दचे पाणी साध्या पिण्याच्या पाण्यासारखेच. तरी माणसे दोन्हीकडे जातात.

आता टेकडीवरील मंदिराविषयी. बावन्न पायऱ्या चढून गेल्यावर जो नगारखाना लागतो, तो वसईच्या किल्ल्याच्या दरवाजासारखा आहे, असे सांगतात. भोवतीचा दगडी तटही किल्ल्यासारखाच. हे साम्य सहेतुक वाटते. वसईच्या मोहिमेच्या काळात चिमाजी अप्पांचा तळ या परिसरात, तेव्हाच्या वडवली गावी, पडला होता. किल्ला हाती आल्यास देवीचे मंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला, अशी परंपरा आहे. मे 1739 मध्ये वसई पडली आणि नवस फेडला गेला. देवीचे पूर्वीचे स्थान गुंज येथे होते व पोर्तुगिजांनी ते उद्ध्वस्त केले, असेही परंपरा सांगते.

येथे आपल्यापैकी काहीजण अवघडतात. कित्येक घरांत 1739 हे केवळ आपत्तीचे वर्ष म्हणून सांगितले जाते. घराबाहेर मात्र आपणांसच पोर्तुगिजांचे वंशज समजून त्या विजयाची आठवण करून दिली जाते. माझ्या मते दोन्ही कथने अपुरी आहेत. सोळाव्या शतकात साष्टी व वसई भागात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, हे पोर्तुगीज लेखनावरूनच सिद्ध होते. ते आपण आडपडदा न ठेवता मान्य केले पाहिजे. पण वसईहून जहाजात बसून गेले ते सैनिक, फिदाल्गो आणि युरोपीय मठवासी. आपले कोळी, वाडवळ, सामवेदी, आगरी पूर्वज येथेच राहिले. शेत, मिठागर व होडी सोडून जाण्यास त्यांना दुसरा देश नव्हता. शरणागतीच्या कलमांत, मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती. पुढे गोव्याच्या देशी धर्मगुरूंनी मोडकळीस आलेली ख्रिस्तमंदिरे आणि विखुरलेली माणसे सांभाळली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेईपर्यंत सुमारे पस्तीस वर्षे आपले पूर्वज मराठ्यांची प्रजा होते. या पस्तीस वर्षांविषयी आपल्या धर्मग्रामांत एवढे मौन का असावे, हे मला कळत नाही. त्या काळी विश्वास टिकला तो कोणा राजाच्या आश्रयाने नव्हे, घरोघरच्या रोझरीने.

वसईच्या ख्रिस्तमंदिरांतील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा त्यांपैकीच मानली जाते. तिच्यावर 1721 हे साल आहे. ‘नारोशंकराची घंटा’ हा मराठीतील नित्याचा शब्दप्रयोग, पण ती कोठून आली हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढच्या खेपेस मुलांना घेऊन जाल तेव्हा कुंडात उतरण्यापूर्वी त्यांना तो नगारखाना अवश्य दाखवा. आणि परतताना उजेड शिल्लक असेल तर वसईच्या किल्ल्याकडे वळून तेथील दरवाजाही दाखवा. दोहोंत साम्य किती, ते त्यांनीच ठरवावे.