घोडा नसलेल्या मुलखातला बालकवी : विंदा करंदीकर

१/ १९२६ साली अमेरिकेत विल जेम्स यांचे ‘स्मोकी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मोकळ्या माळरानावर जन्मलेल्या घोड्याची ती कहाणी. पुढच्याच वर्षी तिला बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले. लेखक स्वतः काउबॉय होता. अवतीभवतीचा प्राणी त्याने मुलांच्या पुस्तकात आणला.

२/ कोकणातल्या मुलांना असा घोडा कुठून भेटणार? डोंगरउतार, खाड्या आणि भाताची खाचरे यांच्या या मुलखात दावणीला गाय, बैल नि म्हैस. याच मुलखात, देवगड तालुक्यातील धालवली येथे, २३ ऑगस्ट १९१८ रोजी गोविंद विनायक करंदीकर यांचा जन्म झाला. तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ साली.

३/ विंदा पुढे मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक झाले. १९६१ साली त्यांनी एका बालकवितासंग्रहाला नाव दिले ‘राणीची बाग’. भायखळ्याची ही बाग १८६२ सालची. लालबाग-परळच्या चाळींपासून ती जवळच. गिरणीत राबणाऱ्या कोकणी चाकरमान्यांच्या कितीतरी मुलांनी हत्ती आणि वाघ प्रथम पाहिले ते इथेच. अमेरिकन मुलाला जे माळरानाने दिले, ते या मुलांना महानगरातल्या पिंजऱ्यांनी दिले.

४/ बालवाङ्मयातील प्राण्यांवर बोधाचे ओझे फार जुने. ससा गर्विष्ठ, कासव उद्योगी, कोल्हा लबाड आणि शेवटी तात्पर्य ठरलेले. विंदांनी हे ओझे उतरवले. त्यांच्या बालकवितेत नाद, गंमत आणि तर्कालाही चकवणारी कल्पना यांनाच मान आहे. मुलाला शहाणे करण्याची घाई तिथे नाही.

५/ मोठ्यांसाठीच्या लेखनातून उरलेल्या वेळेचा हा विरंगुळा होता काय? सनावळी पाहावी. १९६५ : गटेच्या ‘फाउस्ट’चा अनुवाद आणि ‘परी ग परी’. १९७४ : ‘राजा लिअर’ आणि ‘अजबखाना’. १९८१ : ‘विरूपिका’ आणि ‘पिशीमावशी आणि तिची दुनिया’. ज्या लेखणीने शेक्सपिअर मराठीत आणला, तीच त्याच वर्षी मुलांसाठी चालत होती.

६/ पिशीमावशीचे जग भुताखेतांचे. तिन्हीसांजेला देवचार आणि वेताळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोकणी मुलाला भीती म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. विंदांनी त्या भीतीलाच खेळगडी केले. भूत नाही असे सांगून मूल निर्भय होत नाही. भुताला हसता आले की होते.

७/ ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणणारे विंदा २००३ सालच्या ज्ञानपीठाचे मानकरी ठरले. खांडेकर आणि कुसुमाग्रज यांच्यानंतर हा सन्मान मिळवणारे ते तिसरे मराठी साहित्यिक. त्यांची थोरवी सांगताना ‘स्वेदगंगा’, ‘मृद्गंध’, ‘अष्टदर्शने’ ही नावे आधी येतात. बालकविता येते शेवटी, ‘याशिवाय’ या शब्दामागून.

८/ स्वतः विंदांच्या हिशेबात ती ‘याशिवाय’ नव्हती. १९९३ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांची मुलांसाठी एकाच वर्षात तीन पुस्तके आली : ‘टॉप’, ‘सात एके सात’ आणि ‘बागुलबोवा’.